‘रिक्त’, ‘शून्य’ की ‘रिकामा’?

प्रश्न: मांडण्या आणि निवडी मोजणाऱ्या एका सॉफ्टवेअरचे संदेश मराठीत आणतोय. दिलेला संच रिक्त असला की ‘शून्य मांडणी’ असं लिहिलं होतं. तपासणाऱ्यानं विचारलं, ‘‘म्हणजे उत्तर शून्य आलं का?’’ उत्तर तर १ होतं! कोणता शब्द घ्यावा?

प्रतिसाद: ‘शून्य’ काढाच. शून्य हे मोजणीचं उत्तर, रिक्त हे वस्तूचं विशेषण. शाळेपासून आपण ‘रिक्त संच’ म्हणतो. शून्य असते ती त्याची घटकसंख्या. जाता जाता, त्याच्या ∅ या चिन्हाला सर्रास ‘फाय’ म्हणतात, पण ते ग्रीक अक्षर नव्हे. बूर्बाकी या फ्रेंच गणितज्ञांच्या गटातल्या आंद्रे वेइल यांनी ते नॉर्वेजियन वर्णमालेतून उचललं.

प्रतिसाद: खरा भेद मराठीत आयता आहे. ‘पाकीट रिकामं आहे’ आणि ‘पाकीटच नाही’. तीन वस्तूंतून एकही न उचलणं ही एक निवड झाली: रिकामं पाकीट, उत्तर १. तिनांतून पाच उचला म्हटलं तर पाकीटच नाही, उत्तर ०. सगळा खेळ त्या ‘च’चा.

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत मांडण्या काढणाऱ्या परम्युटेशन्सला रिकामी यादी दिली की एक रिकामा टपल (क्रमवार घटकांचा गठ्ठा) मिळतो, बरोबरच आहे. पण रिकामा टपल ‘इफ’च्या अटीत खोटा धरला जातो. ‘मांडणी मिळाली का’ हे मी एकदा तसंच तपासलं. वर ‘एकूण मांडण्या: १’ आणि त्याच्याच खाली ‘एकही मांडणी नाही’! चूक मी मोजणीत शोधत बसलो, होती त्या एका ओळीत. म्हणून संदेश दोन ठेवा: ‘एकच मांडणी, तीही रिक्त’ आणि ‘मांडणीच नाही’.

प्रश्न: पटलं. आणि ‘रिक्त संचातला प्रत्येक घटक सम आहे’ हे विधान? त्याला ‘पोकळ सत्य’ म्हणू का?

प्रतिसाद: नको. ‘पोकळ आश्वासन’ आठवतं आणि विधानावर उगाच संशय येतो. ते पूर्ण खरं आहे, कारण खोडून काढायला विषम घटक आणणार कुठून? ‘रिक्तसत्य’ म्हणा. पायथनचं ‘ऑल’ही (सगळे खरे का?) रिकाम्या यादीवर ‘खरं’ सांगतं, ‘एनी’ (एक तरी खरा का?) ‘खोटं’. सर्वांत मोठा घटक शोधणारं ‘मॅक्स’ मात्र त्रुटी देतं. तिथे ‘सर्वांत मोठा घटकच नाही’ लिहा, ‘० आहे’ असं नको.

प्रतिसाद: कॅटेगरी थिअरीचे, म्हणजे गणिती रचना आणि त्यांच्यातल्या फलनांसारख्या संबंधांच्या शाखेचे, संदेशही असतील तर एक सूचना. रिक्त संचातून कोणत्याही संचात जाणारं फलन नेमकं एक असतं. उलट, रिक्त नसलेल्या संचातून रिक्त संचात एकही नाही. या पहिल्या गुणामुळे तिथे रिक्त संचाला जे स्थान मिळतं, त्यासाठी (इंग्रजीत ‘इनिशियल ऑब्जेक्ट’) काही जण ‘आद्य वस्तू’ लिहितात. ‘आद्य’ला उगाच पूज्यतेचा वास येतो. ‘आरंभवस्तू’ बरा.

प्रश्न: शेवटचं. नेटवर्कएक्स या पायथनच्या ग्राफ-लायब्ररीत एकही बिंदू नसलेला ग्राफ (बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांची रचना) जोडलेला आहे का विचारलं, तर जी त्रुटी येते तिचं नावच ‘पॉइंटलेस कन्सेप्ट’ आहे. हरारी आणि रीड यांच्या १९७४ च्या निबंधाच्या शीर्षकातला हा श्लेष. ‘निरर्थक’ लिहिलं तर बिंदू हरवतो, ‘बिंदुहीन’ लिहिलं तर टोमणा.

प्रतिसाद: ‘बिनबिंदूची कल्पना’. ‘बिनबुडाची’ आपोआप ऐकू येईल.

प्रश्नकर्ता: घेतला!