गाडीचं रबिंग-पॉलिश घरी करणं : शहाणपण की उपद्व्याप?

शनिवारचा मेकॅनिक
माझी गाडी काळी, सात वर्षांची. सावलीत ठीक दिसते, पण रात्री पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली उभी केली की बोनेटवर दिव्याभोवती कोळ्याचं जाळं. बारीक गोल ओरखडे, हजारो. एका डिटेलिंगवाल्याने पूर्ण गाडीचे १४,००० सांगितले. मी ड्युअल अ‍ॅक्शन मशीन, फोमचे चार पॅड, कंपाउंड (जास्त घासणारं, जाडसर पॉलिश), पॉलिश, क्ले बार (रंगाला चिकटलेला मळ ओढून काढणारी मऊ वडी), मास्किंग टेप असं सगळं घेऊनही त्यातले साडेतीन हजार उरले. दोन रविवार गेले. एकट्या बोनेटने दीड तास खाल्ला.

आता माझं मत, ज्यावर भांडण होणारच आहे : नवशिक्याने हे घरी जरूर करावं. या मशीनचा पॅड गोल फिरतो आणि फिरता फिरता हेलकावतोही. जास्त दाबलं की फिरणं बंद, नुसतं थरथरणं. म्हणजे हात चुकला तर बहुतेक वेळा काम होत नाही, एवढंच. रंग जळत नाही. मी पॅडमागच्या प्लेटवर मार्करने एक रेघ मारून ठेवली होती. रेघ फिरताना दिसली की हात बरोबर, थांबली की दाब कमी. एका वेळी दीड फुटाचा चौकोन, आधी आडवं मग उभं, सेकंदाला जेमतेम एक इंच. आणि सुरुवात सगळ्यात सौम्य पॉलिश व मऊ पॅडने. त्याने भागलं तर कंपाउंडची बाटली उघडायचीच नाही.

ही विद्या फक्त गॅरेजवाल्यांच्या हातात असते, हे मला पटत नाही.

उद्यमनगर
वडिलांचं कोल्हापुरात डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज, त्यामुळे पत्र्यावरचा रंग लहानपणापासून बघतोय. मेकॅनिकराव, तुमचा हात बसला असेल, पण हे वाचून अजून दहा जण मशीन मागवतील त्यांचं काय?

प्रिंटरचा साधा कागद हातात घ्या. जाडी साधारण १०० मायक्रॉन. गाडीचा प्रायमर, रंग, त्यावरचा पारदर्शक थर म्हणजे क्लिअर कोट, सगळं मिळून त्या कागदापेक्षा थोडंसंच जाड. त्यातला क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉन, म्हणजे अर्धा कागद. ओरखडा ‘गेला’ म्हणता तेव्हा तो भरलेला नसतो. आजूबाजूचा कोट घासून त्याच्या तळापर्यंत खाली आणलेला असतो. उन्हापासून रंग वाचवणारं रसायन त्याच कोटात असतं. दरवर्षी हौस म्हणून घासलंत तर एक दिवस छतावर पांढरे चट्टे येणार आणि पापुद्रे सुटणार. मग पॉलिश नाही, सरळ रंगकामच.

कडांचं तर बोलूच नका. बोनेटची घडी, दाराची कड, बंपरचा कोपरा, इथे कोट मुळातच पातळ बसतो आणि पॅडचा सगळा जोर नेमका तिथेच पडतो. त्यात बंपर प्लॅस्टिकचा. पत्रा उष्णता पसरवतो, प्लॅस्टिक जागच्या जागी धरून बसतं. असे बंपर आमच्याकडे येतात, सोबत एकच वाक्य : “काका, नुसतं पॉलिश करत होतो हो.”

मोरीतला नळ
उद्यमनगर यांना दुजोरा. माझ्या भाच्याने मशीनचे पैसे वाचवायला घरातल्या अँगल ग्राइंडरलाच फोमचा पॅड लावला. ग्राइंडर मिनिटाला ११,००० फेरे मारतो, पॉलिशचं रोटरी, म्हणजे नुसतं गोल फिरणारं मशीन, जास्तीत जास्त ३,०००. मागच्या दारावर हातभर लांब पट्टा, मध्ये राखाडी प्रायमर उघडा. त्या दाराकडे बघायची अजून हिंमत होत नाही.

शनिवारचा मेकॅनिक
@मोरीतला नळ, भाच्याबद्दल वाईट वाटलं, पण हा पुरावा ग्राइंडरविरुद्ध झाला, माझ्याविरुद्ध नाही.

@उद्यमनगर, कडांबद्दल पूर्ण मान्य. म्हणूनच तर मास्किंग टेप. सगळ्या कडा, रबर, काळं प्लॅस्टिक आधी टेपखाली गेलं. टेपजवळचा अर्धा इंच तसाच सोडला, तिथे जाळं अजून आहे. असू दे. पण एक सांगा, गॅरेजमध्ये पोरगा लोकरी पॅड लावून रोटरी फिरवतो आणि चाळीस मिनिटांत अख्खी गाडी उरकतो, तेव्हा कोण मायक्रॉन मोजतं?

उद्यमनगर
कोणी मोजत नाही. आमच्याकडे जाडी मोजायचं गेज चार वर्षांपूर्वी आलं, तेही मीच हट्टाने आणलं. वडील आजही पॅनलवर टिचकी मारून सांगतात, इथे खड्डा पुटीने भरलाय. आणि बरोबर निघतं.

कोथिंबीरवडी
तुम्ही दोघं ओरखडे काढायचे कसे यावर भांडताय. ते पडतात कशाने?

आमच्या सोसायटीत एक जण रोज सकाळी ३० गाड्या पुसतो. एक बादली, एक फडकं. सातव्या गाडीपाशी बादलीतलं पाणी चहाच्या रंगाचं झालेलं असतं. मी बाल्कनीतून बघते. शेजारी मेट्रोचं काम, गाडीवर रात्रीत धुळीचा थर, त्यावर ओलं फडकं गोल गोल. पॉलिश पेपर मारल्यासारखंच की ते. मेकॅनिकसाहेब, तुमचे दोन रविवार तो दोन आठवड्यांत परत घेणार आहे.

आणि त्याला बोल लावण्याआधी हेही बघा : गाडीमागे महिन्याला ५०० रुपये मिळतात, पाणी दोन मजले उतरून आणायचं, आणि ते फडकं म्हणजे आपल्यापैकीच कोणाचं तरी जुनं बनियन. माझं मत विचाराल तर गाडी रोज पुसायचीच नाही. आठवड्यातून एकदा भरपूर पाण्याने धूळ वाहवून टाकायची, मग शाम्पूची एक बादली, साध्या पाण्याची दुसरी, हातमोजा प्रत्येक पॅनलनंतर साध्या पाण्यात खळबळायचा. उरलेले सहा दिवस धुळकट गाडीतून हिंडायचं. लाज वाटते का कोणाला?

उन्हाळी सुट्टी
मला वाटते. सासरी जायचं असतं.

भंगारप्रेमी
मी मेकॅनिक यांच्या बाजूने, पण एक अट घालून. पहिला हात स्वतःच्या गाडीवर नको. कुर्ल्याला सीएसटी रोडवरून चेपलेलं एक बोनेट आणलं, गच्चीत दोन विटांवर ठेवलं आणि महिनाभर त्यावर शिकलो. मुद्दाम कडेवर मशीन धरून ठेवलं, रंग जातो कसा ते डोळ्यांनी बघितलं. आधी चकाकी वाढते, मग एकदम मातकट होतं. मध्ये सावध करणारं काहीच येत नाही. ते एकदा बघितलेला माणूस आपोआप हळू होतो.

नखाची परीक्षाही तिथेच शिकलो. ओरखड्यावरून नख आडवं फिरवायचं. अडकलं तर तो पॉलिशने जाणार नाही, नाद सोडायचा.

लोणावळा लोकल
अडाणी प्रश्न. माझी जुनी मारुती ८००, पांढरी. हाताने थोडं पॉलिश लावलं तर कापड पांढरं झालं. रंग निघाला का?

उद्यमनगर
निघाला, पण घाबरू नका. जुन्या साध्या रंगांवर वेगळा क्लिअर कोट नसायचाच, त्यामुळे घासलं की रंगच कापडावर येतो. वरचा खडूसारखा झालेला थर जाऊन खालचा ताजा दिसतो. अशा गाडीवर हाताने शिकणं सगळ्यात बरं. मेटॅलिक गाडीवर पॅडला रंग लागला तर मात्र त्या क्षणी मशीन बंद. क्लिअर कोट संपलेला असतो.

आणि मेकॅनिकराव, एक गोष्ट तुमच्या बाजूची, व्यवसायातला असूनही सांगतो. पुष्कळ पॉलिशमध्ये ओरखडे बुजवणारं तेलकट काहीतरी असतं. गाडी ताब्यात घेताना आरसा, तीन धुलाईंनंतर जाळं परत. गिऱ्हाईक म्हणतं, पाणी खराब. पाणी चांगलंच असतं.

शनिवारचा मेकॅनिक
हे वाचून आत्ता खाली जाऊन आलो. ते तेलकट निघावं म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोल निम्मं पाणी घालून बोनेटच्या एका चौकोनावर पुसलं आणि मोबाइलचा टॉर्च तिरका धरला. मुख्य जाळं गेलेलंच आहे, पण डाव्या बाजूला तळहाताएवढ्या भागात ते परत दिसलं. त्या बाजूला दुसऱ्या रविवारी कंटाळलो होतो, हात भरभर फिरला असणार. म्हणजे तिथे नुसतं बुजवलं गेलं होतं. परत घासणार नाही. उद्यमनगर जिंकले असं मात्र कोणी लिहू नये.

@कोथिंबीरवडी, तुमचं वाचून गाडी पुसणाऱ्या दादांना चार मायक्रोफायबर कापडं नेऊन दिली, म्हटलं माझ्या गाडीला हीच वापरा. आनंदाने घेतली. आज सकाळी बघतो तर त्यातल्या एकाने टायर पुसले आणि त्यानेच बोनेट.

कोथिंबीरवडी
चारही एकाच रंगाची दिलीत का?

शनिवारचा मेकॅनिक
हो. पिवळी.

उद्यमनगर
टायरला काळं द्या, काचेला निळं. पिवळी त्यांना सांगा फक्त पाणी मारून झाल्यावर. आणि महिन्याचे ५०० आहेत ते ७०० करा, मग ऐकतील.