लिफ्टशिवाय स्पोर्ट्स कारचा एक्झॉस्ट बदलणे

प्रश्न (दादर): सोसायटीच्या पार्किंगमध्ये, गाडी उचलणाऱ्या लिफ्टशिवाय, स्पोर्ट्स कारचा गंजलेला एक्झॉस्ट (इंजिनाचा धूर बाहेर नेणारा पाइप) स्वतः बदलता येईल का?

उत्तर: येईल, मात्र नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कदापि शिरू नये. पेव्हर ब्लॉक खचतात, म्हणून जाड प्लायवूडवर चार जॅकस्टँड (गाडीला टेकू देणारे स्टँड) लावून, गाडी हलवून खात्री करावी. खाऱ्या हवेने नटबोल्ट जाम झालेले असतात. त्यांवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारे तेल मारावे आणि पाइप लटकवून ठेवणाऱ्या रबरी हँगरना साबणाचे पाणी लावावे.

दुसरे उत्तर: पाइपवरचा ऑक्सिजन सेन्सर (धुरातील ऑक्सिजन मोजणारा) आधी सोडवावा. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातील विषारी वायू कमी करणारा भाग) मात्र काढू नये, पीयूसीला अडचण येते.

प्रश्नकर्ता: जुने गॅस्केट (पाइपच्या सांध्यातील गळती रोखणारी चकती) चालेल का?

उत्तर: नवेच घ्यावे, सर्व हँगर अडकवून पाइप सरळ बसल्यावरच बोल्ट आवळावेत.