तालुक्याचं मध्यक उत्पन्न: अंदाजाचा आकडा जाहीर करावा का?

पेठरोड
नाशिक जिल्ह्यात १५ तालुके. निफाडची द्राक्षं आणि सुरगाण्याची नागली एकाच सरासरीत कालवली की सुरगाणा दिसेनासा होतो. माझं म्हणणं असं की प्रत्येक तालुक्याचं मध्यक कौटुंबिक उत्पन्न दरवर्षी जाहीर व्हावं, अंदाजानं का होईना. सगळी घरं उत्पन्नाप्रमाणे ओळीत लावली तर बरोबर मधल्या घराचं जे उत्पन्न, तो मध्यक. चार बागायतदारांचा माल परदेशी गेला म्हणून तो वर उडत नाही.
अमेरिकेत लहानशा ग्रामीण काउंटीचाही, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाचाही, असा आकडा निघतो. ६५ हजारांपेक्षा कमी वस्ती असेल तिथे एका वर्षाचा नमुना पुरत नाही, म्हणून पाच वर्षांचा एकत्र धरतात. प्राप्तिकराची विवरणपत्रं वापरून दुसरं अनुमानही काढतात. किती चूक असू शकते तेही शेजारी छापतात. मग आपल्याकडे का नको?

निफाडकर
विवरणपत्रं म्हणालात तिथंच गाडी अडते. आपल्याकडे शेतीच्या उत्पन्नाला प्राप्तिकर नाही, मग निफाडच्या घराचं खरं उत्पन्न कुठल्या कागदावर सापडणार? आणि कुठल्या वर्षाचं धरणार? डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली आणि लासलगावला कांद्याचे भाव कोसळले. रान तेच, माणसं तीच, उत्पन्न मात्र पार वेगळं. असा आकडा उद्या मदतीच्या निकषात बसवला तर भाव बरा मिळाला त्या वर्षाच्या जोरावर आम्हाला बाहेर काढतील. माझा ठाम विरोध आहे.

पेठरोड
दादा, भावाची चढउतार आहे म्हणून तर पाच वर्षं एकत्र धरायची. मदतीचा निकष हा वेगळा वाद आहे. तुमची भीती खरी आहे, पण तेवढ्यासाठी मोजूच नये हे मला पटत नाही.

गणित_शिक्षक
मुळात मोजलंय काय ते बघा. २०११ च्या सामाजिक-आर्थिक जातगणनेत घरात सर्वांत जास्त कमावणाऱ्या एकाच माणसाचं महिन्याचं उत्पन्न विचारलं होतं, तेही तीन गटांत: ५ हजारांखाली, ५ ते १० हजार, १० हजारांवर. देशातली जवळपास ७५ टक्के ग्रामीण घरं पहिल्याच गटात गेली. म्हणजे मध्यक ५ हजारांखाली एवढंच कळलं. ९०० की ४,९०० हे त्यातून निघत नाही. आणि तो घराचा मध्यक नव्हेच.
शेतकरी कुटुंबांच्या पाहणीत देशाची मासिक सरासरी २०१२-१३ ला ६,४२६ रुपये, २०१८-१९ ला १०,२१८. वाढ मोठी दिसते. पण महागाई वजा केलेली नाही. शिवाय शेतकरी कुटुंब कुणाला म्हणायचं, त्यासाठी वर्षाला किमान किती रुपयांचा शेतमाल हवा ही अट ३ हजारांवरून ४ हजारांवर नेली होती, म्हणजे दोन्ही वेळची घरं तंतोतंत त्याच व्याख्येतली नाहीत. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच: २०१८-१९ मध्ये मजुरीचे ४,०६३ आणि पिकाचे ३,७९८. शेतकरी म्हणून मोजलेल्या घरात मजुरी पिकाच्या पुढे गेली. २०१२-१३ मध्ये पीक पुढे होतं.
मी विरोधात नाही. पण आधी व्याख्या पक्की करा, मग वर्षांची तुलना.

सेतूवाला
उत्पन्नाच्या दाखल्यांवरून अनुमान काढायचा विचार कुणाच्या मनात असेल तर सोडा. लाडक्या बहिणीला अडीच लाखांची मर्यादा, पिवळ्या शिधापत्रिकेला १५ हजार, तेही वर्षाचे! मर्यादा जिथे, दाखल्यावरचं उत्पन्न तिच्या जरा खाली. लोकांना दोष देत नाही. १५ हजारांत वर्षभर कुणाचं घर चालतं?
दुसरं म्हणजे शिधापत्रिका विभक्त होतात. दोन भाऊ वेगळे झाले की एका घराची दोन घरं, प्रत्येकाचं उत्पन्न निम्मं. कुणी गरीब झालेलं नसतं, पण मध्यक खाली येतो. घर म्हणजे चूल धरणार की कार्ड, ते आधी ठरवा.

सुरगाण्याची_ताई
एवढं वाचलं, पण घरात माणूस असतो कधी हे कुणीच विचारलं नाही. भात-नागली काढून झाली की आमच्या पाड्यावरची निम्मी घरं निफाड-दिंडोरीच्या बागांवर जातात. छाटणी, डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, मग काढणी. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, ती मजुरीतून फिटते. सांगा, उचल हे उत्पन्न की कर्ज? जानेवारीत पाहणीवाला आला तर दारी म्हातारी भेटते. ती बिचारी पिकाचं सांगते, मजुरीचं तिला ठाऊक नसतं. आणि तिकडे निफाडात ही माणसं तिथल्या घरांत मोजली जात नाहीत.
तरी मी पेठरोड यांच्या बाजूची. निफाडकरदादा, तुमच्याकडे बाजार समितीची पट्टी तरी हातात असते. आमच्या मजुरीचा कागदच नाही. आकडाच नसेल तर आम्ही बोट कशावर ठेवायचं?

निफाडकर
ताई, पट्टीचं म्हणालात ते खरं आहे. तालुक्याचा आकडा एका रकमेत छापायला माझा विरोध अजून आहे. पण मजुरी आणि पीक वेगवेगळं दाखवणार असतील, पाच वर्षांचं एकत्र, तर ऐकून घेईन. उचलीचं बागायतदाराच्या वहीत लिहिलेलं असतं. ती वही मी दाखवू शकतो.

सुरगाण्याची_ताई
मग विचारायला होळीला या. तेव्हा सगळे घरी असतात.