जाम झालेले स्क्रू: छोट्या इंजिनवाल्यांनो, तुमचे अनुभव लिहा

फवारणी पंप, ग्रास कटर, जनरेटर, जुन्या स्प्लेंडर. नागपूरकडे छोट्या इंजिनांना तोटा नाही. बिघाड लवकर सापडतो, पण एका जाम स्क्रूपायी अख्खी दुपार जाते. कोणी काय करून तो सोडवला, ते इथे सविस्तर लिहा.

सुरुवात मी करतो. माझ्या पाहण्यात गंजापेक्षा चुकीच्या पेचकसानं जास्त स्क्रू वाया जातात. मिकुनी, केहिन अशा जपानी कार्बोरेटरवरचे चौफुलीचे स्क्रू जेआयएस (जपानी औद्योगिक मानक) मापाचे असतात. बऱ्याचदा डोक्यावर बारीक ठिपका दिसतो. साधा फिलिप्स पेचकस त्यात तळापर्यंत बसत नाही. जोर दिला की वर उसळतो आणि चौफुली गोल करून टाकतो. जेआयएसचा पेचकस घेतल्यापासून माझं निम्मं भांडण मिटलं.

सक्करदरा, दुचाकी गॅरेज
क्लच कव्हरच्या स्क्रूला मी आधी पिळतच नाही. पेचकस सरळ बसवून वरून हातोडीचा एक खणखणीत ठोका देतो, म्हणजे आट्यांत धरलेला गंज तडकतो. मग इम्पॅक्ट ड्रायव्हर, म्हणजे हातोडीनं ठोकून फिरवायचा पेचकस, दिशा उलटी लावली आहे हे पाहून. ठोक्यासरशी टोक आत दाबलं जातं आणि त्याच क्षणी फिरतं, म्हणून घसरत नाही. सुटताना ‘कट’ असा आवाज येतो, तो कानाला लगेच कळतो. कार्बोरेटरवर मात्र हे अजिबात करू नका, तिथली धातू नाजूक, स्क्रू बसतो तो कान तुटतो. तिथं पेचकसाच्या टोकाला थोडी व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट लावा. तिच्या कणांमुळे पकड येते.

काटोल, संत्र्याची बाग
आमच्याकडे बोर्डो मिश्रणाचे (मोरचूद आणि चुना) शिंतोडे पंपावर पडतात. त्यातलं तांबं ॲल्युमिनियमला खातं आणि स्क्रूभोवती पांढरी पूड जमते. फवारणी झाली की त्याच संध्याकाळी पंप बाहेरून धुऊन, पुसून ठेवतो, तेव्हापासून त्रास कमी आहे. दुसरं, ग्रास कटरच्या पात्याचा नट. सालदार पान्ह्यावर पाइप चढवून जोर लावून राहिला होता आणि नट आणखीच आवळत होता. भाऊ, बहुतेक ग्रास कटरला तिथं डावे आटे असतात. घड्याळाच्या दिशेनं फिरवला की सुटतो.

हिंगणा एमआयडीसी, लेथचं काम
ॲल्युमिनियमच्या बॉडीत लोखंडी स्क्रू असेल तर बॉडी तापवा, स्क्रू नाही. तेवढ्याच उष्णतेत ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, भोक सैल होतं. डोकं तुटलंच तर उरलेल्या खुंटावर नट ठेवून आतून वेल्डिंग करतो. वेल्डिंगच्या तापानंच पकड ढिली होते, थोडं निवू द्यायचं आणि हळूहळू पुढेमागे फिरवायचं. माझ्याकडे सगळ्यात वाईट अवस्थेत येतं ते ईझी-आउट (तुटलेला स्क्रू काढायचं उलट्या आट्यांचं हत्यार) आत मोडलेलं काम. ते पोलाद इतकं कडक असतं की साधा ड्रिल त्यावर चालत नाही. आटेच मेले असतील तर हेलिकॉइल, म्हणजे तारेचे नवे आटे, बसवतो.

मानेवाडा
काका, तापवण्याआधी टाकी आणि कार्बोरेटर काढून दूर ठेवायचं, हेही लिहा ना. आमच्या ओळखीत एकाचा हात भाजला आहे.

हिंगणा एमआयडीसी, लेथचं काम
बरोबर आहे ताई. शिवाय गंज सोडवायला मारलेलं स्प्रेचं तेल आधी पुसून काढायचं, तेही पेटतं.

सक्करदरा, दुचाकी गॅरेज
परत बसवताना आट्यांना कॉपर ग्रीसचं बोट लावा, पण मग नेहमीपेक्षा कमी आवळा. ॲल्युमिनियममध्ये सहा मिलिमीटरच्या बोल्टला साधारण 10 न्यूटन-मीटर पुरतात, ते कोरड्या आट्यांसाठी. ग्रीस लावून तेवढंच आवळलं तर ताण जास्त बसतो आणि आटे ओढले जातात.

काटोल, संत्र्याची बाग
जेआयएस पेचकस नागपूरच्या इतवारी बाजारात मिळतो का? कोणी घेतला असेल तर सांगा, पुढच्या खेपेला आणतो.