अनुभव धागा: पोत्यावरच्या बाजारात कुणी काय शिकवलं?

बदलापूर पश्चिम

आमच्या कॉलनीकडे येणाऱ्या रस्त्यावर रविवारी सकाळी सातच्या सुमाराला दहा-बारा बायका पोतं अंथरून बसतात. ठाकूर आणि कातकरी वाड्यांवरच्या. साडेनऊला रस्ता पुन्हा मोकळा. बाजार म्हणावा एवढाही तो नाही, पण गेल्या अकरा वर्षांत स्वयंपाकातलं मी जे नवीन शिकले, त्यातलं निम्मं या पोत्यांपाशी उकिडवं बसून शिकले.

म्हणून हा धागा काढतेय. काय स्वस्त मिळालं, कुठे महाग पडलं, ते इथे नको. तुमच्या उपनगरात, गर्दीपासून जरा बाजूला, असा बाजार भरत असेल आणि ज्याने पिकवलं किंवा हाताने घडवलं त्याच्याचकडून तुम्ही घेत असाल, तर तो माणूस तुम्हाला काय सांगून गेला ते लिहा.

सुरुवात माझ्यापासून. पाऊस तोंडावर आला की शेवळं येतात, ती एक रानभाजी. पहिल्या वर्षी मी दोन जुड्या उचलल्या. मावशींनी सोबत मूठभर हिरवी, बोराएवढी फळं पुढे केली. मला वाटलं, आणखी काही गळ्यात मारतायत. "ही नकोत, नुसती शेवळं द्या," म्हटलं. त्या म्हणाल्या, "पैसं नको देऊ बाय, पण काकडाबिगर शिजवू नको." मी ऐकलं नाही. घरी सगळ्यांचे घसे संध्याकाळपर्यंत खवखवत होते, सासूबाईंना तर पाणीही गिळवेना.

पुढच्या रविवारी गेले आणि घडलं ते सांगितलं. त्यांनी गिऱ्हाईक बाजूला ठेवून एक शेवळ माझ्यासमोर सोललं. वरचं आवरण उलगडून काढलं, आतल्या दांड्याच्या बुडाशी पिवळे दाणे असतात तेवढा भाग मोडून टाकला. "खाज हितं असती." मग काकडं कशी ठेचायची, उकळून त्यांचं आंबट पाणी भाजीत कसं घालायचं, ते सांगितलं. त्या आंबटाने खाज मरते. आता दरवर्षी करते, कोलंबी घालून. भारंगीचा पाला उकडून पिळल्याशिवाय कडू लागतो आणि फोडशीच्या पातीतला मधला पांढरा दांडा काढायचा असतो, हेही त्यांनीच शिकवलं.

त्या दिवशी मी नको म्हटलेली ती मूठभर काकडं त्यांनी रानातून वेचून आणली होती, मला फुकट द्यायला. ते अजून मनात आहे.

ठाणे

शेवळांबद्दल एक भर. काकडं मिळाली नाहीत तर आमच्याकडे चिंचेचा घट्ट कोळ घालतात. आजी रायगडची, तिची पद्धत. पण काकडांची चव येत नाही, हे तीही मान्य करायची.

विरार, आगाशीच्या बाजूने

आमच्याकडची सुकेळी, म्हणजे उन्हात सुकवलेली केळी, बाहेर फार कमी लोकांना माहीत आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लग्नानंतर इकडे राहायला आलो तेव्हा बाजारात एका काकूंच्या टोपलीत केळीच्या सुक्या पानात बांधलेल्या पुड्या दिसायच्या. भाव ऐकला आणि मागे फिरलो. दोन-तीनदा असं झाल्यावर त्याच म्हणाल्या, "घेऊ नका, पण वाडीत येऊन बघून तर जा." गेलो. हिवाळ्याचे दिवस होते.

अंगणात मांडवावर राजेळी केळी सोलून मांडली होती, एकाला दुसरं चिकटणार नाही अशी. बाजारात रोज मिळतं ते हे केळं नव्हे. हे लांब, जाड सालीचं असतं आणि पूर्ण पिकल्याशिवाय सोलायचं नाही. दिवसभर ऊन द्यायचं, प्रत्येक केळं हाताने परतायचं, ऊन उतरलं की सगळी गोळा करून कापडाखाली झाकायची, कारण दव लागलं तर माल गेला. सकाळी पुन्हा मांडायची. असं सहा-सात दिवस. साखर नाही, मीठ नाही, काहीच नाही. काकूंनी दुसऱ्या दिवसाचं, चौथ्या दिवसाचं आणि तयार झालेलं अशी तीन सुकेळी माझ्या हातावर ओळीने ठेवली. पहिलं फिकट आणि ओलसर, दुसरं आक्रसलेलं, तिसरं मधाच्या रंगाचं, बोटांना चिकटणारं. मधेच आभाळ भरून आलं तर अख्खा घाणा आंबतो, असं त्या अगदी सहज म्हणाल्या. आठवड्याची मेहनत एका ढगाने जाते आणि ती बाई दुसऱ्या दिवशी पुन्हा केळी सोलायला बसते.

त्या दिवसापासून मी भाव विचारत नाही, किती पुड्या उरल्यात तेवढंच विचारतो. राजेळी लावणाऱ्या वाड्याच कमी होत चालल्यात. आमची इमारतही अशाच एका वाडीच्या जागेवर उभी आहे, हे लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

पुरंदर, विक्रीला कोथरूड

मी गिऱ्हाईक नाही, विकणारा आहे. चालेल ना?

आमची अंजिराची बाग आहे. 2016 साली दोन गोष्टी झाल्या. पुरंदरच्या अंजिराला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं आणि त्याच वर्षी सरकारने फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून काढला, म्हणजे माल थेट गिऱ्हाइकाला विकायची मोकळीक मिळाली. मानांकनाने नाव झालं, पण आमच्या घरात फरक पडला तो दुसऱ्या गोष्टीने. पुण्यात ठिकठिकाणी शेतकरी आठवडे बाजार भरायला लागले आणि वडिलांनी मला क्रेट देऊन पाठवलं.

अंजीर झाडावरून काढलं की पुढे पिकत नाही. आंबा कच्चा उतरवून अढीत घालता येतो, तसं याचं नाही. म्हणजे पिकलेलंच तोडायचं आणि पिकलेलं अंजीर दुसऱ्या दिवसाची वाट बघत नाही. पहाटे तोडणी असते. देठाला पांढरा चीक येतो, हाताला लागला की आग होते, म्हणून फडक्याने देठ टिपत टिपत भरायची. खाली अंजिराचीच पानं, वर एकच थर. सकाळी आठला माझा माल कोथरूडच्या गल्लीत असतो. लांबच्या मार्केटला पाठवायचं तर एक दिवस आधी, थोडं कच्चं तोडावं लागतं, आणि मग लोक म्हणतात अंजिराला चव राहिली नाही.

तुम्ही विचारलंय कुणी काय शिकवलं. मला एका आजींनी शिकवलं. उललेली अंजिरं मी क्रेटच्या तळाशी लपवायचो आणि शेवटी गुरांना घालायचो. आजी म्हणाल्या, "लपवतोस काय, वेगळी मांड. उललेलं सगळ्यात गोड असतं. मला जॅमला हवीत." पुढच्या वेळी वेगळी पाटी भरली, वर कागद लावला 'आजच खा'. आता ती पाटी सगळ्यात आधी संपते. आजी गेल्या वर्षीपासून येत नाहीत. सून येते, तिच्यासाठी अर्धा किलो बाजूला काढून ठेवतो.

नाशिक

फक्त माठाबद्दल. कॉलेज रोडला राहत होतो तेव्हा पहिला माठ आणला आणि चौथ्या दिवशी परत घेऊन गेलो, गळतोय म्हणून. कुंभार दादांनी तो कोरड्या फरशीवर ठेवला, दहा मिनिटं बसवून घेतलं, चहा पाजला. माठाखाली थारोळं नव्हतं, अंगभर मात्र बारीक घाम होता. "गळणं आणि पाझरणं वेगळं. हा पाझरतोय, म्हणूनच पाणी गार होतंय." वरचं पाणी वाऱ्याने उडतं आणि आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं, एवढं साधं ते. नवा माठ आधी दिवसभर पाण्याने भरून ठेवायचा आणि ते पाणी फेकायचं. आतून साबण कधीच लावायचा नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात गारवा कमी वाटला तर बाहेरून काथ्याने घासायचं, छिद्रं मोकळी होतात. पंधरा वर्षं हेच करतोय.

मुंबईचं एक उपनगर, नाव नको

मला चांगला अनुभव लिहायचा होता, पण खरं ते लिहिते.

आमच्या संकुलाच्या फाटकाबाहेर पदपथावर शनिवारी आठ बायका बसायच्या. पालेभाजी, गावठी अंडी, अळू, केळफूल. त्यातल्या एकीने मला केळफूल निवडायला शिकवलं. प्रत्येक फुलातला तो न शिजणारा कडक दांडा आणि पातळ पारदर्शक पाकळी काढायची, हाताला तेल लावून. माझ्या आईने हे कधी शिकवलं नव्हतं, कारण आमच्या घरात केळफूल होतच नसे.

दोन वर्षांपूर्वी संकुलाच्या समितीच्या सभेत ठराव झाला: अस्वच्छता होते, गाड्या वळवायला त्रास होतो. मी आणि आणखी तिघी विरोधात बोललो. हरलो. पुढच्या शनिवारी दोन रखवालदार उभे होते. त्या आल्या, उभ्या राहिल्या आणि टोपल्या डोक्यावर घेऊन परत गेल्या. भांडल्यासुद्धा नाहीत.

नंतर वाचलं तेव्हा कळलं की पथविक्रेत्यांसाठी 2014 चा केंद्रीय कायदा आहे. विक्रेत्यांचं सर्वेक्षण होऊन त्यांना प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत कुणाला हटवता येत नाही. नगर पथविक्रेता समितीवर किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांमधून निवडलेले हवेत, आणि त्यांतल्या एक तृतीयांश बायका. पदपथ आमच्या समितीच्या मालकीचा नव्हताच. सभेत हे माहीत असतं तर मी कागद हातात घेऊन उभी राहिले असते. ज्यांच्या दारात असा बाजार अजून भरतो, त्यांनी हे आधीच वाचून ठेवा. मनापासून सांगते.

पर्वरी, गोवा

आम्ही म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला जातो. मे महिन्यात पुरुमेंताची खरेदी असते, पावसाळ्याची बेगमी. सुकी मासळी, मिरच्या, चिंचेचे गोळे, सोलां.

सोलांच्या ढिगाशी बसलेल्या एका बायने मला विचारायचा प्रश्न शिकवला: पुटं किती? भिंडांची, म्हणजे कोकमांची सालं वाळवायची, त्यांच्याच मीठ घातलेल्या रसात भिजवायची, पुन्हा वाळवायची. असं तीन-चार वेळा. एकाच पुटाचं सोल वरून लाल दिसतं पण कढीत रंग सोडत नाही. तिने दोन वेगवेगळी सोलां पाण्याच्या वाटीत टाकून दाखवली. एक वाटी गुलाबी झाली, दुसरी बघताबघता जांभळट लाल. दुसरी तिची होती. वर्षाचं सामान मी तिच्याकडूनच भरते.

बदलापूर पश्चिम

मुंबईच्या ताई, तुमचं वाचून काल रात्री झोप लागली नाही. आमच्या रस्त्याचं रुंदीकरण होणार असं ऐकतेय. या रविवारी मावशींना विचारते, सर्वेक्षणात नाव लागलंय का.

सांगली, विश्रामबाग

उशिरा लिहितोय. आमच्याकडे बुरूड काका सायकलवर सूप, रोवळ्या, दुरड्या घेऊन येतात. नवीन सूप घेतलं की ते विचारतात, "सारवणार का?" कागदाचा लगदा आणि भिजवून वाटलेल्या मेथ्या यांचा लेप बायकोने त्यांच्यासमोर लावला, त्यांनी अंगठ्याने कडा दाबून दाखवल्या. फटी बुजतात, बारीक कणी गळत नाही, सूप वर्षानुवर्षं टिकतं.

गेल्या आठवड्यात आईच्या वेळची रोवळी त्यांना दाखवली, एका बाजूने उसवलेली. फेकून नवी घ्या म्हणाले नाहीत. बराच वेळ विणीवरून बोटं फिरवत होते. "ही माझ्या वडलांची वीण आहे," म्हणाले, आणि सायकलच्या हँडलला अडकवून घेऊन गेले. गुरुवारी आणून देणार आहेत.