मदत हवी आहे : वॉर्डात दाखल असलेल्या भावाला त्याचा आजार कसा समजावून सांगावा?

नमस्कार. माझ्या २७ वर्षांच्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनियाचे निदान झाले असून तो गेले १८ दिवस रुग्णालयात दाखल आहे. कानात येणारे आवाज बरेच कमी झाले आहेत, झोपही लागू लागली आहे. परवा भेटीच्या वेळी त्याने मला सरळ विचारले, "ताई, मला नक्की काय झालंय? तुला सगळे सांगतात, मला कुणीच सांगत नाही." त्याचे म्हणणे खरे आहे. आजाराचे नाव, औषधांच्या वेळा, घरी गेल्यावर घ्यायची काळजी हे सारे मला व्हरांड्यात उभे करून सांगितले गेले. गोळ्या मात्र त्याला घ्यायच्या आहेत.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे आजाराचे स्वरूप, उपचारांची योजना आणि औषधांचे दुष्परिणाम यांची माहिती रुग्णाला स्वतःला, त्याला कळेल अशा भाषेत मिळण्याचा हक्क आहे. दाखल होताना तो ती ऐकण्याच्या स्थितीत नसेल, तर पुढे तसा झाल्यावर ती देणे हे डॉक्टरांचे कर्तव्य आहे. मी विचारल्यावर एक इंग्रजी पत्रक मिळाले. भाऊ मराठी माध्यमात शिकला आहे आणि सध्या दहा मिनिटांपलीकडे त्याचे लक्ष टिकत नाही.

माहितीने किती फरक पडतो, हे मी एकदा पाहिले आहे. रिस्पेरिडोन हे औषध सुरू झाल्यावर त्याला एका जागी बसवेना, आणि जेवणात कुणीतरी काही मिसळते आहे, अशी त्याची खात्री झाली. एका तरुण डॉक्टरांनी त्याच्याशेजारी बसून सांगितले, की ही बेचैनी या औषधाचा माहीत असलेला परिणाम आहे आणि डोस बदलून ती कमी करता येते. त्या दिवशी तो पोटभर जेवला.

आपल्यापैकी कुणी स्वतः या आजारातून गेले असेल, तर कृपया सांगावे : आजाराचे नाव तुम्हाला केव्हा आणि कुणाकडून कळलेले बरे वाटले असते? आपल्याला आजार आहे हे न जाणवणे हासुद्धा या आजाराचा भाग असू शकतो, म्हणून मला घाई करायची नाही. रुग्णाने स्वतः वाचावे असे छोटे, मोठ्या अक्षरांतले मराठी साहित्य कुठे मिळेल? मला सापडलेले बहुतेक नातेवाइकांसाठीच लिहिलेले आहे. झोप उडणे, संशय वाढणे यांसारख्या, आजार पुन्हा बळावण्याआधीच्या पूर्वखुणांची यादी त्याच्याच शब्दांत करून घेण्याचा अनुभव कुणाला असल्यास तोही हवा आहे. औषधांचे निर्णय डॉक्टरच घेतील. त्याविषयी सल्ला नको. गुरुवारी घरी सोडण्यासंबंधी डॉक्टरांशी बोलणे आहे आणि त्या वेळी भावाला समोर बसवावे, अशी विनंती मी करणार आहे.