दत्तक घेतलेला बॉल पायथन खात नाही, श्वासाला शिट्टीसारखा आवाज येतो. पैसे आधी कशावर घालू?

मृणाल_ब्रिस्टल
नमस्कार मंडळी. इथल्या एका प्राणी-निवाऱ्यातून आम्ही वयात आलेली बॉल पायथन जातीच्या सापाची मादी दत्तक घेतली. वजन 1350 ग्रॅम. आल्यापासून उंदराला तोंड लावलेलं नाही (गोठवलेला, नीट वितळवून कोमट करून दिला होता). दिवसभर खोपटात दडून असते. कालपासून श्वास घेताना मधूनच बारीक शिट्टी ऐकू येते. काचपेटी निवाऱ्यानेच दिली. खाली हीट मॅट आहे, थर्मोस्टॅट नाही. या महिन्यात माझ्याकडे 80 पौंड आहेत, त्याच्यावर एक पैसा नाही. हा आजार आहे का?

सह्याद्रीवेडा
न खाण्याची काळजी सोडा. जागा बदलली की हे साप हमखास उपास धरतात. माझा नर आख्खी थंडी काही खात नाही आणि ठणठणीत असतो. पण काचपेटी आजच काढा. मी चार फुटी लाकडी पेटी, सिरॅमिक हीटर, दिवे असं सगळं एकदम घेतलं. साडेतीनशे पौंड गेले, पण साप एकदाही आजारी पडला नाही.

मृणाल_ब्रिस्टल
दादा, 80 पौंड.

कोथरूडकर
साप पाळणं मुळात गुन्हा आहे. 1972 चा वन्यजीव कायदा वाचा. सर्पमित्राला बोलावून जंगलात सोडा.

रानवाट
कोथरूडकर, ताई ब्रिस्टलला आहेत आणि हा साप आफ्रिकेतला. आपला अजगर पाळणं गुन्हाच, पण अशा परदेशी प्रजाती भारतातही केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदवून ठेवता येतात. आणि सोडायचं म्हणता ते कुठल्या जंगलात? तिथल्या हिवाळ्यात तो मरेल.

कोथरूडकर
मत बदलणार नाही. प्राणी त्याच्या मुलखातच शोभतो.

बिनविषारी
मी बरीच वर्षं सर्पोद्यानात स्वयंसेवक होतो, म्हणून नीट लिहितो. आधी डोळे पाहा. दुधी-निळसर झालेत का, कातडी निस्तेज आहे का? तसं असेल तर कात टाकायची वेळ आली आहे. तेव्हा नाकपुडीत जुनी कातडी अडकून शिट्टी वाजते, आणि सापही खात नाही. कात पडली की दोन्ही थांबतं. डोळे स्वच्छ असतील तर मात्र दुर्लक्ष नको. नाकातोंडाशी बुडबुडे, चिकट लाळ, तोंड उघडून श्वास, डोकं सतत वर धरून बसणं, यातलं एकही दिसलं तर ती छातीची लागण समजा. सापाला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, जोरात खोकून कफ बाहेर टाकता येत नाही. म्हणून ती आपोआप बरी होईल असं धरून बसू नका.

तांबडी_माती
न खाण्याची काळजी नको, बॉल पायथन महिनोन्‌महिने उपाशी राहतात. माझीही राहते.

लंडनची_वहिनी
पशुवैद्याकडे जायचंच असेल तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा जाणकारच शोध. आम्ही जवळच्या दवाखान्यात नेलं, त्यांनी तोंड उघडूनसुद्धा पाहिलं नाही, अंगावरच्या गोचिड्यांचं औषध दिलं आणि बिल मात्र मोठं लावलं. हिरड्या लाल, दाताशी दह्याच्या कवडीसारखा पू, हे नंतर मीच पाहिलं.

पंचमी
माझ्या भावाच्या सापाला गोचिडीसारखे किडे झाले होते. कुत्र्याचं औषध पाण्यात मिसळून चोळलं, गेले. स्वस्तात काम झालं.

बिनविषारी
पंचमीताई, हे कुणी करू नका. कुत्र्याच्या औषधाची मात्रा सापाला मारू शकते. किडे आहेत का ते कळायला खर्च नाही: पेटीत पांढरा टिश्यू अंथरा आणि पाण्याचं भांडं पाहा. तळाशी मिरपुडीसारखे काळे ठिपके, डोळ्यांच्या कडेला आणि हनुवटीच्या खवल्यांखाली हलणारे कण दिसले, किंवा साप तासन्‌तास पाण्यातच बसला, तर किडे आहेत.

सह्याद्रीवेडा
रंग कोणता? स्पायडर नावाची रंगजात असेल तर डोकं डुलणं जन्मजात असतं, तो आजार नाही.

रानवाट
आजार नाही कसा? तोल जातो बिचाऱ्याचा. अशी पैदास करूच नये.

सह्याद्रीवेडा
त्यासाठी वेगळा धागा काढा.

पुण्यातली_आई
लहान मूल आहे का घरी? साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असतो यांच्यात. पाच वर्षांखालच्या मुलाला हात लावू देऊ नका, आणि पाण्याचं भांडं स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुऊ नका.

बिनविषारी
पैशांचं सांगायचं राहिलं. पहिले 80 पौंड वैद्यालाच द्या. उपकरणं पुढच्या महिन्यात.

तांबडी_माती
+1, वैद्य.

मृणाल_ब्रिस्टल
सगळ्यांचे आभार. डोळे स्वच्छ आहेत, म्हणजे बहुधा कात नाही. टिश्यूवर किडे दिसले नाहीत. नाकाशी एक छोटा बुडबुडा मात्र आज दिसला. पण वैद्याला पैसे देणार नाही. निवाऱ्याला फोन केला तर दत्तकपत्रात लिहिलेलं निघालं: पहिल्या महिन्यातल्या आजाराला त्यांचाच वैद्य मोफत बघतो. उद्या सकाळची वेळ मिळाली. माझ्या पैशांतून आज थर्मोस्टॅट आणि दोन टोकांचा तापमापक आणला. मॅटवरचा भाग 41 अंश निघाला आणि थंड कोपरा 20! आता उबेकडे 32, सावलीकडे 25 ठेवते आहे. पेटी हीच राहील. वैद्य सांगेपर्यंत उंदीर दाखवणार नाही, हाताळणारही नाही, आणि दर रविवारी स्वयंपाकाच्या काट्यावर, वेगळ्या डब्यात ठेवून, वजन.

सह्याद्रीवेडा
काचपेटीत ओलावा टिकत नाही, पुन्हा सांगतो.

बिनविषारी
वरची जाळी अर्धी झाका, टिकेल. आणि रात्रीत विष्ठा पडली तर बंद डबीत घेऊन जा, जंतांची तपासणी त्याच फेरीत होईल.